बाळ बोलू लागताना: घरी काय करायचं, कुठं थांबायचं

आजी बाळाला आंघोळ घालताना सतत बोलत असते. "आता पाय धुऊ या. हा एक पाय, हा दुसरा पाय. झालं हं, झालं." तीन महिन्यांच्या बाळाला यातलं काही कळत नाही, तरी ते आजीच्या तोंडाकडे टक लावून बघतं. ती पाणी घ्यायला क्षणभर थांबली की ते "अंऽगूं" करतं. आजी लगेच म्हणते, "हो का? असं झालं?" बाळाचा बोलण्याचा सराव इथूनच सुरू होतो. आधी एकाची पाळी, मग दुसऱ्याची. पुढच्या तीन-चार वर्षांत घरच्यांनी करायच्या बहुतेक गोष्टी या पाळीशीच जोडलेल्या आहेत. बरेच आईबाबा बोलण्यात कमी पडत नाहीत, मुलाला त्याची पाळी देण्यात कमी पडतात.

शब्द येण्याआधीचं वर्ष

बाळ पोटात असतानाच ऐकू लागतं, आणि जन्मल्यावर आईचा आवाज इतर बायकांच्या आवाजांतून ओळखतं. दीड-दोन महिन्यांत हुंकार येतात, चौथ्या महिन्याच्या आसपास खळखळून हसू येतं, सहा-सात महिन्यांपासून 'बाबाबा', 'दादादा' सुरू होतं. हे 'बाबाबा' म्हणजे बाबांना मारलेली हाक नसते, ओठ आणि जीभ यांची ती उजळणी असते. पण दर वेळी कोणी "बाबा? बाबा आले बघ!" म्हणत बाबांकडे वळलं, की त्या आवाजाला हळूहळू अर्थ चिकटतो.

या वर्षात कान किती काम करतात हे बाहेरून दिसत नाही. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हिंदीतला 'त' आणि 'ट' यांच्यातला फरक वापरला होता. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली सहा ते आठ महिन्यांची बाळं हा फरक ओळखत होती. दहा-बारा महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो ओळखू येईनासा झाला होता. घरात जो फरक कानावर पडत नाही तो कान सोडून देतात. म्हणून परदेशातल्या मराठी घरांत 'ताक' आणि 'टाक' वेगळे ऐकू यावेत असं वाटत असेल, तर मराठी बोलणं 'थोडं मोठं झाल्यावर' सुरू करण्यात तोटा आहे. पहिल्या दिवसापासून बोला.

नवव्या ते चौदाव्या महिन्यांत एक खूण दिसायला हवी: बोट दाखवणं. हवी ती वस्तू मागायला दाखवलेलं बोट वेगळं आणि "ते बघ ना" म्हणून दाखवलेलं बोट वेगळं. दुसरं जास्त मोलाचं, कारण मुलाला तुमच्यासोबत काहीतरी वाटून घ्यायचं असतं. त्याने बोट दाखवलं की आधी तिकडे बघा, मग नाव सांगा आणि नावाला एखादी गोष्ट जोडा. "भूभू! भूभू झोपलाय." त्या क्षणी त्याचं सगळं लक्ष भूभूवर असतं, त्यामुळे शब्द पटकन बसतो. तेव्हाच "इकडे बघ, हा बॉल बघ" म्हणून लक्ष ओढलं तर दोन्ही शब्द हातचे जातात.

पहिला शब्द कशाला म्हणायचं

साधारण वर्षाच्या आसपास पहिला शब्द येतो. तो स्वच्छ असायला हवा असं नाही. मूल पाण्याला दर वेळी 'पापा' म्हणत असेल, तर 'पापा' हा शब्द झाला. गाईसाठी 'हम्मा', बाहेर जाण्यासाठी 'भुर्र' हेही शब्दच धरायचे. एक वही करा आणि दर रविवारी नवे शब्द लिहून ठेवा: मूल काय म्हणतं, कशाला म्हणतं. दीड वर्षाच्या सुमारास वहीत निदान काही शब्द असावेत. दोन वर्षांपर्यंत बहुतेक मुलांचे पन्नासाच्या आसपास किंवा जास्त शब्द होतात आणि ती दोन शब्द जोडू लागतात: "बाबा ये", "दूध संपलं". मुलामुलांत फरक मोठा असतो, त्यामुळे शेजारच्या मुलाची वही बघू नका. आपल्याच वहीत दर महिन्याला भर पडते आहे ना, ते बघा.

मूल गाय, शेळी, मांजर सगळ्यांना 'भूभू' म्हणालं तर ती चूक समजू नका. चार पायांच्या प्राण्यांचा एक गट त्याने स्वतः केलेला असतो. "नाही, भूभू नाही" म्हणण्याऐवजी "ही हम्मा. हम्माला शिंगं आहेत बघ" म्हणा. फरक कशात आहे ते दाखवलं की गट आपोआप फुटतो.

'भूभू', 'माऊ', 'मंमं' यांनी भाषा बिघडते, ही भीती नको. एकच अक्षर दोनदा म्हणणं बाळाच्या तोंडाला सोपं जातं. आवाज थोडा चढवून, स्वर लांबवून, सावकाश बोलणं बाळाला आवडतं आणि शब्द वेगळे करायला मदतही करतं. दीड वर्षानंतर जोडीने मोठा शब्द आणा: "भूभू आला. मोठा कुत्रा आहे हा." मात्र मुलाचे बोबडे उच्चार त्यालाच परत ऐकवू नका. ते 'ताता' म्हणालं तर तुम्ही 'काका'च म्हणा.

थांबणं

मुलाच्या उंचीला या: जमिनीवर बसा किंवा त्याला ओट्यावर समोर बसवून हात धरून ठेवा, म्हणजे त्याला तुमचे ओठ दिसतात. टीव्ही बंद करा. मागे चाललेली मालिका मोठ्यांना ऐकू येईनाशी होते, पण लहान मुलाला त्या गोंगाटातून तुमचं बोलणं वेगळं काढावं लागतं.

आता एक वाक्य बोला आणि मनात पाचपर्यंत मोजा. पाच सेकंद फार लांब वाटतात. बहुतेक मोठी माणसं दुसऱ्याच सेकंदाला पुढचं बोलतात, आणि मुलाचा शब्द घशाशी आलेला असताना त्याची पाळी संपते. थांबताना भुवया उंचावा, मान थोडी पुढे करा, वाट बघत असल्याचं चेहऱ्यावर दिसू द्या. सव्वा-दीड वर्षाच्या काही मुलांना दहा सेकंदही लागतात.

थांबण्यासाठी निमित्त हवं असेल तर घट्ट झाकणाचा पारदर्शक डबा घ्या आणि त्यात आवडीची छोटी गाडी ठेवा. मूल डबा हलवतं, झाकण ओढतं, मग तुमच्याकडे आणतं. इथे पाचपर्यंत मोजा. त्याने तुमच्याकडे बघितलं, "अं" केलं किंवा हात पुढे केला, तरी ती मागणी झाली. लगेच "उघड? उघडू या. उघडलं!" म्हणत झाकण काढा. शब्द तीनदा कानावर पडला आणि तिन्ही वेळा समोर तीच कृती झाली. खाण्याच्या वेळी हेच करता येतं: केळ्याच्या सगळ्या फोडी एकदम न देता दोनच द्या. त्या संपल्या की मुलाला 'अजून' म्हणायला कारण मिळतं.

गडबड होते ती इथून पुढे. "आधी 'उघड' म्हण, मगच देईन." मूल रडतं, डबा फेकतं, आणि तो शब्द भांडणाशी जोडला जातो. तुम्ही थांबता ते मुलाला वेळ मिळावा म्हणून. पाच-सात सेकंदांत काही आलं नाही तर शब्द तुम्हीच म्हणा आणि डबा उघडा.

एक पायरी पुढे

मूल जितकं बोलतं त्याच्याहून एक पायरी पुढचं वाक्य परत द्या. "गाडी" म्हणालं तर "गाडी आली" म्हणा. "गाडी आली" म्हणालं तर "लाल गाडी आली" किंवा "बाबांची गाडी आली". एका शब्दाच्या मुलाला बारा शब्दांचं वाक्य दिलं तर त्यातलं फारसं हाताला लागत नाही. उलट तुम्हीही एकेकच शब्द बोलत राहिलात तर पुढची पायरीच दिसत नाही. वाक्य छोटं ठेवा, पण पूर्ण मराठी असू द्या. "बाळ दूध पी" याऐवजी "दूध पितोस?" म्हणा, म्हणजे क्रियापदाचं रूप कानावर जातं.

प्रश्न कमी करा. "हे काय? नाक कुठंय? काकांना सांग, माऊ कशी करते?" पाहुण्यांपुढची ही परीक्षा घरोघरी चालते. जे मूल आधीच कमी बोलतं ते अशा वेळी गप्प होतं किंवा आईच्या पदरामागे जातं. एक प्रश्न विचारलात तर आधी-नंतर तीन-चार साधी विधानं असू द्या. प्रश्न विचारायचाच असेल तर निवड देणारा विचारा: "दूध हवं की पाणी?" दोन्ही शब्द प्रश्नातच असतात, मुलाला त्यातला एक उचलायचा असतो.

आणखी एक गोष्ट फार घरांत निसटते. मुलांना रंग, आकडे, फळं, एबीसीडी शिकवली जाते आणि क्रियापदं मागे राहतात. वीस फळांची नावं जोडून वाक्य होत नाही. 'दे', 'ये', 'घे', 'उघड', 'पडलं', 'संपलं', 'नको', 'अजून', 'वर', 'खाली' हे शब्द आले की मूल दोन शब्द जोडू लागतं. अडीच वर्षांचं मूल दहापर्यंत आकडे म्हणतं पण तहान लागली की हात धरून माठाकडे ओढतं, असं दिसलं तर आकडे बाजूला ठेवा आणि या दहा शब्दांवर या.

यासाठी वेगळा अभ्यासाचा तास नको, घरातली कामं पुरतात. मटार सोलायला बसलात तर मुलाला समोर एक वाटी द्या. शेंग हातात द्या, "दाब" म्हणा. टचकन शेंग फुटते: "उघडली!" आत बघा: "दाणे! छोटे दाणे." एक दाणा खाली घरंगळतो: "पडला. कुठे गेला?" थांबा. मूल वाकून शोधतं. "सापडला!" दहा मिनिटांत 'दाब', 'उघडली', 'पडला', 'सापडला' हे पंधरा-वीस वेळा येऊन जातात, तेही हातातल्या वस्तूसकट. कच्चा दाणा तोंडात, नाकात जाणार नाही इकडे मात्र नजर हवी, लहान मुलाच्या घशात तो अडकू शकतो. कपड्यांच्या घड्या घालताना 'बाबांचा शर्ट, आजीची साडी, तुझी चड्डी' होतं, जिना चढताना 'वर, वर, वर' होतं.

गोष्टीचंही तसंच. जाड पुठ्ठ्याच्या पानांचं एकच पुस्तक पंधरा दिवस रोज वाचलं तरी चालतं, मुलांना तेच तेच हवं असतं. चिऊ-काऊच्या गोष्टीत कावळा पुन्हापुन्हा दार वाजवतो, तशी एकच ओळ परत परत येणारी गोष्ट निवडा. चार-पाच दिवसांनी ती ओळ अर्धी म्हणून थांबा. उरलेला शब्द मूल भरतं.

मराठी शिकताना होणाऱ्या ठरावीक चुका

मूल 'करलं', 'जाला', 'मरला' म्हणतं. घरात कोणीच असं बोलत नाही, मग हे आलं कुठून? 'बसला', 'उठला', 'पडला' ऐकून त्याने नियम काढला आणि 'कर', 'जा', 'मर' यांना लावला. 'केलं', 'गेला', 'मेला' ही रूपं नियमाबाहेरची आहेत, ती ऐकून ऐकूनच येतात. "करलं नाही, केलं म्हण" असं टोकण्याची गरज नाही. "हो, तूच केलंस! छान केलंस" एवढं पुरतं.

दिवसभर आई, आजी, मावशी यांच्यात असलेला मुलगा "मी जाते", "मी खाते" म्हणतो. लोक हसतात आणि मूल बिचकतं. यातली अडचण समजून घ्या. आई त्याला दुरुस्त उत्तर देते तेव्हा "तू जातोस?" म्हणते, म्हणजे 'मी जातो' हे रूप तिच्या तोंडून त्याला मिळतच नाही. ते बाबा, आजोबा, काका किंवा दादा यांच्याच तोंडून मिळतं. म्हणून बाबांनी रोज अर्धा तास मुद्दाम 'मी'ची वाक्यं बोलावीत: "मी चहा पितो. आता मी चपला घालतो. तूपण घालतोस?" मुलगी बाबांसारखं "मी येतो" म्हणत असेल तर आईने हेच करायचं. स्वतःसाठी "तुला पाहिजे" म्हणणारं मूलही असंच ऐकलेलं जसंच्या तसं परत देत असतं. तिथेही मोठ्यांनी आपापलं बोलून दाखवावं: "मला चहा पाहिजे. आजीला पाणी पाहिजे." तीन वर्षांच्या आसपास 'मी-तू' बहुतेकांचं नीट होतं.

उच्चारांत प, ब, म, त, द, न आधी येतात. 'क' आणि 'ग'च्या जागी 'त' आणि 'द' येणं ('काका'चं 'ताता', 'गाडी'चं 'दाडी') तीन-साडेतीन वर्षांपर्यंत चालू शकतं. 'श', 'र', 'ळ' आणि जोडाक्षरं सगळ्यात उशिरा येतात. चार-पाच वर्षांचं मूल 'पोळी'ला 'पोली' आणि 'राजा'ला 'लाजा' म्हणत असेल तर थांबून बघायला हरकत नाही. ढोबळ माप असं: दोन वर्षांच्या मुलाचं निम्मं बोलणं बाहेरच्या माणसाला कळावं, तिसऱ्या वर्षी पाऊण, आणि चौथ्या वर्षी जवळजवळ सगळं.

दोन ते पाच वर्षांत बरीच मुलं अडखळतात: "मी मी मी काल ना, ना..." विचार धावतो आणि तोंड मागे राहतं. "सावकाश बोल", "नीट बोल" म्हटल्याने अडखळणं वाढू शकतं. तुम्ही स्वतः सावकाश बोला, वाक्य पुरं होईपर्यंत त्याच्याकडे बघा, शब्द तोंडातून काढून घेऊ नका. सहा महिन्यांहून जास्त टिकलं, किंवा बोलताना ओठ आवळणं, डोळे मिचकावणं, आवाजच अडकणं दिसलं, तर वाक्-उपचारतज्ज्ञाला दाखवा.

दोन भाषा, मोबाईल आणि घुटी

घरी मराठी, पाळणाघरात हिंदी, नर्सरीत इंग्रजी असं शहरांत सर्रास चालतं. दोन भाषांमुळे मूल बोलायला उशीर करतं असं नाही. शब्द मोजताना सगळ्या भाषांचे एकत्र मोजा. "दूध दे, प्लीज" असं मिसळलेलं वाक्य म्हणजे गोंधळ नव्हे. नर्सरीतून "घरी इंग्रजीच बोला" असं सांगितलं जातं, ते ऐकू नका. आईबाबांना जी भाषा सहज येते तिच्यातच गोष्टी, रागावणं, लाड, तर्क सगळं मिळतं. घोकलेल्या इंग्रजीत "कम, सिट, ईट" एवढंच उरतं.

अमेरिकेत पॅट्रिशिया कुल आणि सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या बाळांना मँडरिन चिनी ऐकवली होती. समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून बाळं त्या भाषेचे आवाज शिकली, तेच बोलणं पडद्यावर दाखवलं तेव्हा शिकली नाहीत. पडदा बाळाच्या हुंकाराला उत्तर देत नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०२१ची मार्गदर्शक सूचना अशी की दोन वर्षांच्या आत नातेवाइकांच्या व्हिडिओ कॉलखेरीज पडदा नको, आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास. कॉलवर आजी असेल तर शेजारी बसा: आजीने बोट दाखवलं की इथे तुम्ही वस्तू हातात द्या. जेवताना मोबाईल ही सवय आधी मोडा, कारण जेवण म्हणजे दिवसातून तीन वेळा मिळणारी बोलायची संधी असते.

वेखंड मधात उगाळून चाटवल्याने जीभ सुटते, शंखातलं पाणी पाजलं की वाचा येते, या समजुतींना आधार नाही. शिवाय एक वर्षाच्या आत मध धोक्याचा आहे, त्यातल्या जिवाणूंमुळे बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. जिभेखालचा पडदा आखूड असेल तर दूध ओढायला किंवा एखादा उच्चार करायला अडचण येऊ शकते, पण त्यामुळे शब्दच न येणं होत नाही. तो कापला म्हणून मूल बोलू लागेल असं धरून बसू नका. "याचे बाबापण चार वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते" या वाक्याने तर मुलांची फार मोलाची वर्षं गेली आहेत.

तपासणी

सगळ्यात आधी कान. वाटी-चमचा वाजवून घरी केलेली परीक्षा फसवी असते. मूल आवाजाऐवजी तुमचा हात बघून वळतं, किंवा त्याला मोठा खणखणाट ऐकू येतो पण 'स', 'श', 'फ' यांसारखे बारीक आवाज येत नाहीत. नवजात बाळाची 'ओएई' चाचणी (कानात सोडलेल्या आवाजाला आतला कान देतो तो प्रतिसाद मोजणारी) ते झोपलेलं असताना काही मिनिटांत होते, दुखत नाही. तिच्यात शंका आली तर 'बेरा' करतात, म्हणजे आवाज कानाकडून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी चाचणी. शिफारस अशी आहे: पहिली चाचणी एका महिन्याच्या आत, दोष असेल तर त्याचं पक्कं निदान तीन महिन्यांच्या आत, श्रवणयंत्र किंवा उपचार सहा महिन्यांच्या आत. जन्मानंतरची चाचणी चांगली आली तरी पुढे सतत सर्दी आणि कानात पाणी साचणं यामुळे ऐकू कमी येऊ शकतं, म्हणून बोलणं मागे पडलं की चाचणी पुन्हा करा.

समजतं किती, हेही तपासा. हात, मान, डोळे न हलवता "चप्पल आण" म्हणा. पुष्कळदा "त्याला सगळं कळतं" असं वाटतं, पण मूल तुमची नजर वाचून चप्पल आणत असतं.

पुढच्यापैकी काही दिसलं तर वाट बघू नका: बाराव्या महिन्यापर्यंत 'बाबाबा' नाही किंवा हावभाव नाहीत, नावाने हाक मारली तर वळत नाही, सोळाव्या महिन्यापर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत स्वतः जोडलेले दोन शब्द नाहीत, आणि कोणत्याही वयात आलेले शब्द गेले. मुलगे थोडे उशिरा बोलतात हे खरं, पण हा फरक महिन्या-दोन महिन्यांचा असतो, वर्षाचा नव्हे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत तपासणीला येतं, तेव्हा अंगणवाडीताईंना आधीच सांगून ठेवा. तिथून मुलाला जिल्ह्याच्या 'डीईआयसी' केंद्रात, म्हणजे लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या सरकारी केंद्रात पाठवतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. जाताना शब्दांची वही न्या आणि घरी खेळताना मोबाईलवर काढलेले दोन-तीन मिनिटांचे दोन व्हिडिओ न्या: एक एकटं खेळतानाचा, एक तुमच्याबरोबरचा. अनोळखी खोलीत मुलं गप्प बसतात, आणि ती घरी काय करतात हे तज्ज्ञाला त्या व्हिडिओतच दिसतं.